मिनियापोलिसच्या बागा : एका निवृत्त उद्यान निरीक्षकाचा शेरा

अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये लेकीकडे येऊन चार महिने झाले. इथे केस कापणाऱ्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना तारे द्यायची पद्धत आहे. नातू म्हणाला, आबा, तुम्ही रोज बागेत जाता, तर बागेलाही द्या. मी पाचपैकी चार देतो. एक का कापला ते पुढे येईल. आधी चार कसे दिले ते सांगतो, कारण मी सढळ हाताने मार्क देणाऱ्यातला नाही. राहुरीहून कृषी पदवी घेऊन एका महापालिकेच्या उद्यान विभागात लागलो आणि तेहतीस वर्षे तिथेच काढली. महापालिकेचे नाव सांगत नाही. पेन्शन तिथूनच येते.

पहिल्याच सकाळी झोप लागेना म्हणून पाच वाजता उठून बाहेर पडलो. लेकीच्या घराजवळ ब्रॅकेट पार्क नावाची बाग आहे. तिथे एका उंच खांबावर जुने लोखंडी रॉकेट बसवलेले आहे. पूर्वी मुले त्याच्या आत चढून खेळायची. पुढे सुरक्षेच्या कारणाने ते काढले, पण लोकांचा जीव त्यात अडकला होता, म्हणून भंगारात न घालता शिल्प करून पुन्हा उभे केले. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडच्या बागांतही अशी रॉकेटे होती. आमच्याकडचे रॉकेट मीच लिलावात काढले, किलोच्या भावाने. ते आठवून जरा कसेसे झाले.

मी बाग बघतो ती फुलांवरून नाही. झोपाळ्याखाली उभा राहून वर बघतो. साखळी आडव्या दांडीला जिथे अडकते तिथली कडी सगळ्यात आधी झिजते आणि खालून कोणाला दिसत नाही. कडी अर्धी झिजली की झोपाळा बंद ठेवायचा, हा आमच्या जुन्या साहेबांचा नियम. इथल्या कड्या ठीक होत्या. झाडांच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पसरलेला, पण खोडाला चिकटवलेला नाही, बोटभर जागा सोडलेली. पिण्याच्या पाण्याचा नळ गळत नव्हता. तेवढ्यावर माझे निम्मे मत झाले.

उरलेले निम्मे झाले ते कागदावर. जावई सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला म्हटले, या बागांचे बजेट कुठे मिळेल का बघ. मला वाटले, अर्ज करावा लागेल, पंधरा दिवस जातील. त्याने चहा संपायच्या आत काढून दिले. सहा वर्षांचा भांडवली कामांचा कार्यक्रम: बागेचे नाव, काम काय, कोणत्या वर्षी, किती रक्कम, कुठल्या पैशातून. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. बागेच्या नावापुढे साल लिहिलेले होते आणि सूचक-अनुमोदकाचे नाव कुठेच नव्हते.

हे वाचून मला नवल का वाटले, ते महापालिकेत काम केलेल्यांना सांगायला नको. आमच्याकडे बागेच्या कामाचा जन्म दोन प्रकारे व्हायचा. एक, नगरसेवकाच्या निधीतून, म्हणजे वॉर्डातल्या लोकांना दिसेल असे काहीतरी: कमान, कारंजे, ओपन जिम. दुसरा, मार्चमध्ये. कुठल्या तरी हेडखाली, म्हणजे खर्चाच्या सदराखाली, पैसे उरलेले असायचे, त्याचे वर्गीकरण करून, म्हणजे ते बागेकडे वळवून, घाईघाईने इस्टिमेट करायचे, एकतीस तारखेच्या आत बिल. अशा वेळी कुठल्या बागेला खरी गरज आहे हे विचारायला वेळ कोणाला? ज्या बागेचे इस्टिमेट कपाटात तयार, तिचा नंबर.

एक संगीत कारंजे आम्ही असेच केले. उद्घाटनाला मंत्री आले, रंगीत पाणी गाण्यावर नाचले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या महिन्यात पंप जळला. देखभाल-दुरुस्तीच्या हेडला त्या कारंज्यासाठी एक रुपया ठेवलेला नव्हता. मी चार वेळा टिपण ठेवले. पुढच्या पावसाळ्यात हौदात पाणी साचले आणि आरोग्य खात्याने डासांसाठी त्यात गप्पी मासे सोडले. मी निवृत्त झालो तेव्हा मासे होते, कारंजे नव्हते.

म्हणून मिनियापोलिसच्या या सेवेचा शेरा लिहिताना मी फुलझाडांवर कमी आणि पैशावर जास्त लिहिणार आहे. क्षमा असावी.

इथे बागा महापालिकेच्या हाताखाली नाहीत. मिनियापोलिस पार्क अँड रिक्रिएशन बोर्ड नावाची वेगळी संस्था आहे. १८८३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला आणि शहराच्या मतदारांनी त्यावर मतदान करून ती उभी केली. तेव्हाच्या सिटी कौन्सिलचा विरोध होता. असणारच, जमिनीचा आणि कराचा अधिकार हातातून जाताना कोण खूष होतो? बोर्डावर नऊ सदस्य, सहा आपापल्या भागातून आणि तीन सगळ्या शहरातून निवडलेले. हे लोक बोर्डाचा मालमत्ता कर ठरवतात, मात्र त्याची कमाल मर्यादा वेगळे मंडळ घालून देते, आणि त्या मंडळावरही दोन सदस्य थेट जनतेने निवडलेले असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये निवडणूक होती. त्याआधी लोकांनी घरापुढच्या हिरवळीत पाट्या रोवल्या होत्या: अमुक तमुक, पार्क कमिशनर पदासाठी. सौभाग्यवती म्हणाली, अहो, बागेसाठी वेगळा नगरसेवक? म्हटले, हो, आणि त्याला गटार-नळाबद्दल कोणी विचारायचे नाही. कल्पना करून बघा. मला तर आनंद आणि धास्ती दोन्ही वाटले. नऊ माणसे फक्त बागांवरच लक्ष ठेवून असली, तर निरीक्षकाला दुपारी डुलकी कशी मिळायची?

बोर्डाची सभा बुधवारी संध्याकाळी असते आणि कोणीही जाऊन बसू शकतो. मी एकदा गेलो. सामान्य माणसाला बोलायला वेळ राखून ठेवलेला. एक बाई कुत्र्यांच्या मैदानाबद्दल तावातावाने बोलल्या, एक तरुण पोहण्याच्या तलावाबद्दल. सदस्य ऐकत होते. कोणी फोनवर नव्हते असे मात्र म्हणणार नाही. तेवढे जगभर सारखेच.

आता मुख्य गोष्ट. शहरात दीडशेच्या वर लहान-मोठ्या मोहल्ल्याच्या बागा. २०१५ च्या सुमाराला हिशेब केला तेव्हा लक्षात आले की खेळणी, इमारती, पायवाटा म्हाताऱ्या होतायत आणि दुरुस्तीला पैसे पुरत नाहीत. आपल्याकडेही हे सगळ्यांना कळते, पण कळून फाइल बंद होते. इथे २०१६ मध्ये सिटी कौन्सिल आणि पार्क बोर्ड दोघांनी मिळून वीस वर्षांचा करार केला. २०१७ ते २०३६, दर वर्षी १ कोटी १० लाख डॉलर मोहल्ल्याच्या बागांना जादा. रुपयांत नव्वद कोटींच्या वर जाईल. यात नुसती नवी कामे नाहीत. देखभाल, दुरुस्ती, जुने काढून नवे बसवणे, सगळे आले. म्हणजे कारंजे बसवतानाच त्याच्या पंपाचे पैसे बाजूला ठेवले. हे वाक्य मी डायरीत लिहून घेतले.

वीस वर्षे म्हणजे किती, याचा विचार केला. खेळण्याचे आयुष्य साधारण तेवढेच धरतात. माझ्या नोकरीत तेवढ्या काळात किती आयुक्त आले आणि गेले, मोजता येणार नाहीत. प्रत्येक नव्या साहेबाची वेगळी आवड. एकाला गुलाब, एकाला पाम, एकाला पेव्हर ब्लॉक.

पैसे बांधून ठेवले तरी आधी कोणाला द्यायचे, हे भांडण राहतेच. त्यावर यांनी जो मार्ग काढला तो मला सगळ्यात आवडला. प्रत्येक बागेला गुण दिले. दोन प्रकारचे: बागेच्या आजूबाजूला राहणाऱ्या लोकांचे आणि बागेचे स्वतःचे. लोकांमध्ये बघतात की वस्ती किती दाट, मुले किती, भागात गुन्हे किती, आणि गरिबी नि गोरेतर लोकांची वस्ती एकाच जागी साचलीय का. बागेमध्ये बघतात की वस्तूंची अवस्था कशी, आयुष्य किती उरले आणि आजवर त्या बागेवर तिच्या किमतीच्या मानाने किती खर्च झाला. बेरीज करून यादी लावायची, वरून खाली. ज्या बागेवर आधी खर्च झालेला नाही, ती वर. आपल्याकडे नेमके उलटे: ज्या बागेत एकदा पैसे गेले तिथेच पुन्हा जातात, कारण ती साहेबांना दाखवण्यासारखी असते.

लोकांचा वर्ण मध्येच कुठून आला असे मला आधी वाटले. लेकीने समजावले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे बागेच्या सुधारणेचा खर्च पुष्कळदा शेजारच्या घरमालकांवरच बसवत. ज्यांना परवडायचे त्यांनी हो म्हटले आणि त्यांच्या बागा झाल्या. जिथे भाडेकरू, मजूर, काळे लोक राहत, तिथे कोणी हो म्हणायचे? त्यामुळे शहराच्या उत्तर भागातल्या बागा मागे पडत गेल्या. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्यांच्या वॉर्डात बाग नसते आणि बंगल्यांच्या वॉर्डात तीन असतात, हे आपणही बघितलेय. फक्त आपण त्याला गुण देऊन यादी लावली नाही.

ही यादी मी फोटो काढून माझ्या जुन्या सहकाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवली. तो अजून नोकरीत आहे. रात्री त्याचे उत्तर आले: "साहेब, छान आहे. यात वॉर्ड क्रमांकाचा कॉलम आहे, नगरसेवकाचा कुठे?" त्यावर हसण्याची खूण आणि मग आणखी एक ओळ: "खरे सांगा, एकही बाग मध्ये घुसवलेली नाही?" याचे उत्तर मला देता आले नाही. क्रम लावला म्हणजे राजकारण गेले असे नाही, पण ज्याला बाग मध्ये घुसवायची असेल त्याला चारचौघांत आकडा बदलावा लागेल. आमच्याकडे आकडाच नव्हता.

आपल्याकडे काहीच नाही असे म्हणायचे नाही. पुण्याने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली, आणि बाक, पायवाट, दिवे अशी छोटी कामे त्यातून सुचवता येतात. घरपट्टीच्या बिलावर वृक्ष उपकराची ओळही असते. म्हणजे झाडांसाठी आपण वेगळे पैसे भरतो. ते पैसे वीस वर्षे पुढचे बघून कसे खर्च करायचे, हे कोणी ठरवून दिलेले नाही, एवढाच फरक.

मोठ्या बागा, म्हणजे तळी आणि मिनेहाहा धबधबा वगैरे, यांचे पैसे वेगळ्या वाटेने येतात. २००८ मध्ये मिनेसोटाच्या, म्हणजे या राज्याच्या, मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून विक्रीकर वाढवून घेतला, शंभर डॉलरमागे साडेसदतीस सेंट, २०३४ पर्यंत. पुन्हा वाचा: लोकांनी स्वतःहून कर वाढवून घेतला. त्यातला साधारण सातवा हिस्सा बागा आणि पायवाटांना जातो, बाकी पाणी, जंगल आणि कलांना. शिवाय २०१४ पासून शहरात नवी इमारत बांधणाऱ्याने बागेसाठी जागा द्यायची किंवा घरटी ठरलेली रक्कम. आपल्याकडे लेआऊटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडतात, तसेच हे. फक्त ती जागा पुढे पार्किंग होत नाही का, ते मी तपासले नाही.

मिनेहाहाला इथल्या मराठी मंडळींची जुलैमध्ये सहल होती. छत असलेली जागा आधी पैसे भरून राखून ठेवायची. बटाटेवडे, दहीभात, आणि कोणीतरी आणलेले खरवस. बायका धबधब्यापाशी फोटो काढायला गेल्या आणि मी कचऱ्याच्या डब्यांजवळ उभा राहून वेगवेगळे डबे कसे भरतात ते बघत होतो. सौभाग्यवती म्हणाली, अमेरिकेत येऊनही तुमचे हे सुटणार नाही. नाही सुटत.

थिओडोर वर्थचे नाव इथे पदोपदी येते. मूळचा स्वित्झर्लंडचा माळी, १९०६ ते १९३५ बागांचा अधीक्षक. एकोणतीस वर्षे एकच माणूस! आला तेव्हा त्याने पहिल्या कामांपैकी एक काम केले: "गवतावर चालू नका" या पाट्या उपटून काढल्या. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. माझ्या आयुष्यात मी "हिरवळीवर बसू नये" अशा किती पाट्या रंगवून घेतल्या असतील? पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरे, पेंटर ठरलेला. एकदा एका आजोबांना हिरवळीवरून उठवले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, ही बाग कोणासाठी केलीत?" मी नियम दाखवला. त्या काळी आठवड्यातून दोनदा टँकरचे पाणी मिळायचे, हिरवळ टिकवणे सोपे नव्हते. तरी आजोबांचे वाक्य विसरलेलो नाही.

वर्थने गुलाबाची बाग केली, लेक हॅरिएटजवळ लिंडेल पार्कमध्ये. सार्वजनिक गुलाबबागांत अमेरिकेतली ही दुसरी सगळ्यात जुनी. पहिली हार्टफर्ड शहरातली, तीही यानेच केली होती. जूनअखेर ते जुलै हा तिचा काळ. मी कात्री घेऊन जावे असे वाटण्याइतकी वाळकी फुले एका वाफ्यात दिसली, पण कामाला माणसे कमी असतात हे मला कळते.

माणसांवरून आठवले. २०२४ मध्ये ४ जुलैला, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनी, बागांच्या कामगारांनी संप केला. बोर्डाच्या इतिहासातला पहिला. पगार आणि करारातल्या अटी यावरून. जवळपास तीन आठवडे चालला आणि मग तडजोड झाली. यादीतल्या आकड्यांत हे दिसत नाही. वीस वर्षांचे पैसे बांधले, पण गवत कापणाऱ्या माणसाचे घरभाडे वाढले तर काय, याचा कॉलम नव्हता. मी निरीक्षक असताना माळ्यांच्या बाजूने किती बोललो, हे विचारू नका.

आता कापलेल्या ताऱ्याकडे येतो. तो माळ्यांसाठी नाही, ॲश नावाच्या झाडासाठी आहे. एमराल्ड ॲश बोअरर नावाचा हिरवा किडा खोडाच्या सालीखाली बोगदे करतो आणि झाड वरून वाळत येते. सार्वजनिक जागेतल्या सुमारे ४०,००० ॲशच्या जागी दुसरी झाडे लावायचा आठ वर्षांचा कार्यक्रम बोर्डाने २०१४ मध्ये हाती घेतला, त्यासाठी वेगळा कर लावला आणि जातीही मिसळून लावल्या. इथपर्यंत पैकीच्या पैकी. पण खासगी अंगणातल्या लागण झालेल्या झाडांवरही बोर्डाचा अधिकार चालतो. झाड काढा म्हणून नोटीस येते, मालकाने नाही काढले तर बोर्ड काढते आणि खर्च मालमत्ता कराच्या बिलात चढवते, हप्त्याने आणि व्याजासह. मोठे झाड उतरवायला हजारो डॉलर लागतात. गरीब घरमालकांना, विशेषतः उत्तर भागात, हा फार जड गेला आणि त्यावर बरीच ओरड झाली. ज्या बोर्डाने बागांचा क्रम लावताना गरिबी मोजली, त्याला नोटीस पाठवताना ती सुरुवातीपासून का मोजता आली नाही? कीड रस्त्यावरच्या झाडातून अंगणात आली की अंगणातून रस्त्यावर, हे किड्याला विचारावे लागेल. यासाठी एक तारा.

येणाऱ्यांसाठी थोडे. सगळ्या बागा फुकट, फक्त काही ठिकाणी गाडी लावायचे पैसे. मिनेहाहाला गाडीपेक्षा ब्लू लाइनची रेल्वे बरी, स्टेशन बागेशीच आहे. रविवारी जाऊ नका. रानफुलांची आवड असेल तर थिओडोर वर्थ पार्कमधली एलॉईझ बटलर बाग बघा. १९०७ ची आहे, हिवाळ्यात बंद असते. तिथे पाट्यांवर झाडाचे नाव असते, हुकूम नसतो. इथल्या जवळजवळ सगळ्या घरांपासून दहा मिनिटे चालून बाग येते असे सांगतात. सौभाग्यवतीच्या गुडघ्यांना चौदा लागतात, पण वाटेत बाक आहेत.

आणि मुले बरोबर असतील तर झोपाळ्यावर बसवण्याआधी एकदा वर बघा. कडी कुठेही झिजू शकते.